नववी ते बारावी : चार वर्षांपैकी पावणेतीन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



विश्वस्त संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांच्या जमाखर्चाकडे शांतपणे पाहण्याची वेळ होय. किती देणग्या आल्या, किती इमारती उभ्या राहिल्या, किती शिष्यवृत्त्या दिल्या, याची नोंद दप्तरात असतेच. त्या नोंदीशेजारी आणखी एक हिशेब मांडून पाहणे अगत्याचे आहे. तो हिशेब रुपयांचा नाही, वर्षांचा आहे. शाळेत दाखल झालेले मूल शाळेत किती वर्षे टिकते? आणि त्यातही नववी ते बारावी या चार वर्षांपैकी किती वर्षे भारतातील मुलाच्या पदरात पडतात? देशाच्या अधिकृत आकडेवारीवरून हे उत्तर काढले तर ते चार येत नाही. ते जेमतेम पावणेतीन येते. हरवलेले हे सव्वा वर्ष कोठे जाते, ते कोणाचे असते आणि ते परत मिळवून देण्यात समाजाच्या संस्थांचा वाटा कोणता, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

हिशेबाची रीत

अपेक्षित आयुर्मान ही कल्पना सर्वांच्या परिचयाची आहे. आजचे मृत्यूचे प्रमाण कायम राहिले तर आज जन्मलेले बालक सरासरी किती वर्षे जगेल, हे त्यावरून कळते. ‘अपेक्षित शालेय वर्षे’ ही कल्पना त्याच जातीची आहे. आज प्रत्येक वयाची जेवढी मुले शाळेत आहेत, तेवढेच प्रमाण पुढेही टिकले तर आज शाळेच्या दारात उभे असलेले मूल सरासरी किती वर्षे शिकेल, हे त्यातून समजते. रीत अगदी सोपी आहे. एखाद्या वयाची शंभरांपैकी नव्वद मुले शाळेत असतील तर त्या वर्षाचे ०.९० धरायचे, साठ असतील तर ०.६० धरायचे, आणि सर्व वयांची बेरीज करायची. ही भविष्यवाणी नव्हे. आजची परिस्थिती बदलली नाही तर काय होईल, याची ती मोजणी आहे.

संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल १९९० साली निघाला. महबूब उल हक यांचे नेतृत्व आणि अमर्त्य सेन यांचे चिंतन त्यामागे होते. प्रारंभी शिक्षणाची प्रगती साक्षरतेच्या व पटनोंदणीच्या प्रमाणावरून मोजली जाई. २०१० पासून त्या जागी दोन मोजमापे आली. एक, पंचवीस वर्षे व त्यापुढील प्रौढांनी प्रत्यक्ष घेतलेल्या शिक्षणाची सरासरी वर्षे. दुसरे, आजच्या मुलांची अपेक्षित शालेय वर्षे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात २०२३ ची स्थिती दिली आहे. त्यानुसार भारतातील प्रौढांनी सरासरी ६.९ वर्षे शिक्षण घेतले आहे, तर मुलांची अपेक्षित वर्षे १३ आहेत. १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा होता.

या दोन आकड्यांमधील सहा वर्षांचे अंतर म्हणजे दोन पिढ्यांमधील अंतर होय. आई-वडिलांची शाळा सातवीच्या आसपास संपली आणि मुलाने बारावी ओलांडावी अशी अपेक्षा आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, पण तीत एक अवघड प्रसंगही दडला आहे. नववीच्या बीजगणितापाशी अडलेल्या मुलाला घरात विचारायला कोणी नसते. पहिल्या पिढीचा विद्यार्थी नववीत पाऊल ठेवतो, तेव्हा घराच्या अनुभवाची सोबत संपलेली असते.

पावणेतीन वर्षे

तेरा वर्षांचा आकडा ऐकून समाधान वाटणे साहजिक आहे. परंतु बेरजेत गळती दिसत नाही. ती पाहण्यासाठी बेरीज फोडावी लागते. २०२१-२२ च्या अधिकृत शालेय आकडेवारीनुसार नववी-दहावीतील पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण ७९.६ टक्के आणि अकरावी-बारावीतील ५७.६ टक्के होते. नववी-दहावीच्या दोन वर्षांचे १.५९ आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांचे १.१५, एकूण २.७४. २०२४-२५ च्या अहवालात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला असून त्याचे प्रमाण ६८.५ टक्के आहे. त्याला चारने गुणले तरी उत्तर २.७४ येते. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागल्याने जुन्या-नव्या आकड्यांची तंतोतंत तुलना करणे योग्य नाही. तथापि दोन्ही वाटा पावणेतीनपाशीच येऊन थांबतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिवाय या ढोबळ प्रमाणात त्या वर्गांत बसलेली अधिक वयाची मुलेही मोजली जातात. म्हणजे योग्य वयात योग्य इयत्तेत असणाऱ्यांचा हिशेब याहूनही उणा आहे.

सरासरीविषयी एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पावणेतीन वर्षे शिकणारे मूल कोठेही नसते. कोणी पूर्ण चार वर्षे शिकतो, कोणी दहावीनंतर थांबतो, कोणी नववी पाहतच नाही. या सर्वांना एका ओळीत बसवले की पावणेतीन हा आकडा तयार होतो. ज्याला चारही वर्षे मिळाली त्याच्या गणतीत ज्याला शून्य मिळाले तो झाकला जातो. २०२४-२५ च्याच अहवालात माध्यमिक टप्प्याचे टिकून राहण्याचे प्रमाण ४७.२ टक्के दिले आहे. पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुले शालेय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत टिकतात, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

कायदा जेथे थांबतो

ही गळती आठवीनंतरच का वाढते? पहिले कारण कायद्यात आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या छत्राचा परिणाम स्पष्ट दिसतो. २०२४-२५ मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर पटनोंदणीचे प्रमाण ९०.३ टक्के होते. नववीच्या उंबरठ्यावर छत्र संपते आणि प्रमाण ६८.५ पर्यंत उतरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शालेय शिक्षणाच्या शेवटापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट स्तुत्य आहे; पण उद्दिष्ट आणि हक्क यांत फरक असतो. हक्क मागता येतो, उद्दिष्टाची वाट पाहावी लागते.

दुसरे कारण अंतराचे आहे. महाराष्ट्रातील खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावी असते आणि बहुधा एखाद्या अनुदानित खाजगी संस्थेचे असते. कनिष्ठ महाविद्यालयासाठी पुष्कळदा तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते. प्रत्येक वेळी नवी शाळा, नवा दाखला, नवा गणवेश आणि एस. टी. च्या वेळापत्रकाशी नव्याने जुळवणी. प्रत्येक उंबरठ्यावर काही मुले मागे राहतात. त्यांत मुलींची संख्या लक्षणीय असते. गाडी चुकली तर मुलगा चालत येईल असे घरच्यांना वाटते, मुलीच्या बाबतीत मात्र ‘राहू दे शाळा’ असा निर्णय होतो.

अंतर हेच कारण असेल तर अंतर कमी केल्यावर फरक दिसला पाहिजे. तसा तो दिसलाही आहे. बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास प्रारंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, तेथे लाभ विशेष दिसला. शाळा तीच होती, शिक्षक तेच होते, अभ्यासक्रमही तोच होता. बदलले ते एवढेच की मुलगी वेळेवर शाळेत पोचू लागली आणि वेळेवर घरी येऊ लागली.

तिसरे कारण घरच्या अर्थकारणाचे. चौदा-पंधरा वर्षांचे मूल मजुरीला जाऊ शकते. धाकट्यांना सांभाळणे, जनावरे पाहणे, ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जाणे, ही कामे त्याच्याकडे येतात. हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. शाळेचे मुख्य सत्रही तेच. मुलीच्या बाबतीत याच वयात विवाहाचा विचार सुरू होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यातील ही स्थिती आहे. शाळेत नाव असलेली मुलगी ‘अजून शिकते आहे’ असे घरच्यांना सांगता येते. शाळा सुटली की ते उत्तर नाहीसे होते.

वसतिगृहाची परंपरा

या तीनही अडचणींवर दक्षिण महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी एक उपाय शोधला होता. तो उपाय म्हणजे बोर्डिंग, अर्थात विद्यार्थी वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने विसाव्या शतकाच्या आरंभापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही बोर्डिंगच्या कार्याला अग्रक्रम दिला. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी अनेक ठिकाणच्या जैन बोर्डिंगांना आधार दिला आणि त्यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रमाचे कार्य उभारले. खेड्यात माध्यमिक शाळा नेणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून खेड्यातील मुलाला शाळेजवळ आणून ठेवले. निवास, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला लावणारे वडीलधारे माणूस, या तीन गोष्टी मिळाल्या की मुलगा टिकतो, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील या परंपरेतूनच घडले आणि त्यांनी तिच्या सीमा ओलांडल्या. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी कोल्हापुरात असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही घटना समाजाने विसरू नये. बोर्डिंगने मुलाला शाळेपर्यंत पोचवले, हे खरे. आणि बोर्डिंगच्या नियमानेच एका मुलाला दाराबाहेर केले, हेही तितकेच खरे. स्वतः भाऊरावांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नाही. आजच्या मोजमापाने पाहिले तर माध्यमिक शिक्षणाची पुरी वर्षे ज्यांच्या वाट्याला आली नाहीत, अशांपैकीच ते एक होते.

त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह उघडले, तेव्हा सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली ठेवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणाची सोय करण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीरावांच्या नावाने मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे, ही ‘कमवा व शिका’ योजना याच विचाराचे फळ होय. निवास, अन्न, शुल्क आणि स्वाभिमान या चारही बाजूंनी भाऊरावांनी गळतीची वाट अडवली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा माध्यमिक शाळा ग्रामीण महाराष्ट्राच्या पुष्कळ जवळ आली होती.

वर्षे आणि विद्या

केवळ वर्षे मोजून भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. जागतिक बँकेच्या २०२० च्या मानवी भांडवल निर्देशांकात भारतातील मूल अठराव्या वर्षापर्यंत ११.१ वर्षे शाळेत राहील, असे म्हटले होते. ही मोजणी अठराव्या वर्षाशीच थांबते, म्हणून तो आकडा आधीच्या तेराहून लहान आहे. प्रत्यक्ष किती शिकले याचा विचार केला असता त्या ११.१ वर्षांची किंमत ७.१ वर्षांइतकीच भरली. ‘असर’ अहवालासाठी २०२३ साली २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वयोगटाची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ८६.८ टक्के मुले कोठे ना कोठे शिकत होती. परंतु सुमारे चौथा हिस्सा मुलांना प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे गणित निम्म्याहून कमी मुलांना जमले. चौदाव्या वर्षी न शिकणाऱ्यांचे प्रमाण ३.९ टक्के होते. अठराव्या वर्षी ते ३२.६ टक्क्यांवर गेले.

हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्याला भागाकार येत नाही, त्याला नववीचा प्रत्येक तास हा अपमानाचा तास वाटतो. तो आधी मागच्या बाकावर जातो, मग आठवड्यातून दोन दिवस घरी राहतो आणि एके दिवशी त्याचे नाव पटावरून कमी होते. घरचे म्हणतात, ‘त्याला शाळेची गोडी नव्हती.’ वस्तुतः पाचवीत राहिलेली उणीव नववीत वसूल होत असते.

संस्थांपुढील कार्य

जैन समाजाची शैक्षणिक स्थिती देशाच्या तुलनेत चांगली आहे. २००१ च्या जनगणनेत जैन समाजाचे साक्षरतेचे प्रमाण ९४.१ टक्के होते, देशाचे ६४.८ टक्के होते. म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे कोणास वाटू शकेल. परंतु समाजाची सरासरीही इतर सरासरींसारखीच अनेकांना झाकते. अल्पभूधारक शेतकरी, दुकानात नोकरी करणारा सेवक, वैधव्य आलेली भगिनी यांच्या घरीही दहावीनंतर काय, हा प्रश्न उभा राहतो. आणि समाजाच्या दुकानांत, शेतांत, कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची मुले तर त्या सव्वा वर्षाच्या तुटीत थेट मोडतात. ज्ञानदानाला दानांत श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेने हे दान घेणाऱ्याचे कूळ विचारावे, हे सुसंगत नाही. भाऊरावांचे आयुष्य हेच सांगते.

बहुतेक संस्थांचा शैक्षणिक निधी दोन ठिकाणी खर्च होतो : गुणवंतांचा सत्कार आणि उच्च शिक्षणासाठी साहाय्य. दोन्ही कामे योग्य आहेत. तथापि नव्वद टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी सत्कार झाला नाही तरी पुढे शिकणारच असतो. ज्याला पन्नास टक्के मिळाले, ज्याच्या गावापासून कनिष्ठ महाविद्यालय वीस किलोमीटरवर आहे आणि ज्याच्या वडिलांना कामाला एक हात हवा आहे, त्याचे शिक्षण मात्र एका छोट्या साहाय्यावर अवलंबून असते. तो समारंभाच्या व्यासपीठावर कधी येत नाही, म्हणून संस्थेच्या दृष्टीसही पडत नाही.

त्यासाठी चार गोष्टी सहज करता येतील. पहिली, परिसरातील आठवी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीची एक वही ठेवावी आणि ते नाव बारावीपर्यंत दरवर्षी तपासावे. जून महिन्यात जे नाव कोणत्याही पटावर सापडणार नाही, त्या घरी पंधरा दिवसांच्या आत कोणी तरी जावे. दुसरी, साहाय्य गुणांवर न देता टिकण्यावर द्यावे : एस. टी. चा पास, सायकल, परीक्षा शुल्क, पुस्तके यांचा खर्च शाळा सुरू होतानाच हाती पडावा. वर्ष सरल्यावर मिळालेली शिष्यवृत्ती गळती थांबवत नाही. तिसरी, बोर्डिंगच्या रिकाम्या खोल्या हंगामी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी आणि मुलींच्या सुरक्षित निवासासाठी खुल्या कराव्यात. चौथी, निवृत्त शिक्षकांच्या साहाय्याने सातवी-आठवीच्या मुलांचे वाचन व गणित पक्के करून घेणारे सायंवर्ग चालवावेत, म्हणजे नववीचा उंबरठा त्यांना उंच वाटणार नाही.

या कामाचा हिशेबही वर्षांतच मांडावा. पंचवीस मुलांना प्रत्येकी दोन वर्षे अधिक शिकता आले, तर समाजाच्या खाती पन्नास विद्यार्थी-वर्षे जमा झाली. संस्थेला जी पन्नास वर्षे पूर्ण करण्यास अर्धे शतक लागले, तेवढी वर्षे पंचवीस घरांत एका निश्चयाने उभी राहू शकतात. पुढील वार्षिक अहवालात गुणवंतांच्या यादीबरोबर आणखी एक ओळ छापली जावी : चार वर्षांपूर्वी आठवी झालेली एकूण मुले इतकी, त्यांपैकी बारावी पूर्ण केलेली इतकी. पहिल्या वर्षी ती ओळ वाचताना संकोच वाटेल. तरीही ती छापावी, कारण लिहिलेली तूट भरून काढता येते. न लिहिलेली तूट मुलांच्या आयुष्यातून वजा होत राहते.

जय जिनेंद्र.